ताण असतो, येतो की घेतला जातो?

वाचकाचं पत्र

माझं वय ४६. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसात बढती मिळाली. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, पोट सतत बिघडलेलं असतं. डॉक्टरांनी ईसीजीपासून थायरॉइडपर्यंत सगळं तपासलं, सगळं नॉर्मल निघालं. 'स्ट्रेस आहे, टेन्शन घेऊ नका,' म्हणाले. म्हणजे नेमकं काय करू नको, ते कळलं नाही. बढती मिळाली खरी, पण कुठल्याही कागदावर शेवटची सही माझी नसते. काही चुकलं की मात्र विचारतात मला. घरी वडील आहेत, वय ७८. ते म्हणतात, 'आमच्या वेळी ताण-बिण नव्हता, कामं होती.' त्यांचा रागही येतो आणि वाटतं, खरंच असेल. लहानपणी रात्री कधी जाग आली तर ते खिडकीपाशी खुर्ची टाकून अंधारात बसलेले दिसायचे, पण तोंडातून तक्रार कधी ऐकली नाही. माझ्या मुलीला मात्र उठता-बसता 'स्ट्रेस' येतो. ताण ही खरीच काही वस्तू आहे, की आपण सगळ्यांनी मिळून काढलेलं खूळ?

उत्तर

तुमच्या पत्रात मी सर्वांत जास्त रेंगाळले ती डॉक्टरांच्या 'घेऊ नका' या दोन शब्दांपाशी. ताप घेऊ नका, मुतखडा घेऊ नका, असं कुणी कुणाला सांगत नाही. ताप येतो, खोकला होतो, साखर वाढते. त्यात आपली मर्जी कुणी विचारत नाही. ताणाचं तसं नाही. कामाचा ताण असतो, परीक्षेचा येतो, डोळ्यांवर पडतो, साहेब तो देतात आणि घरचे म्हणतात, 'तू फार घेतोस.' एका नामाला इतकी क्रियापदं लागायला लागली की समजावं, त्या एका पाटीखाली चार बिऱ्हाडं दाटीवाटीनं राहतायत. तेव्हा हा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. या विषयात हयात घालवलेल्या संशोधकांची भांडणंही बरीचशी याच क्रियापदांवरून झाली आहेत. ती भांडणं सांगितली की तुमचं उत्तर आपोआप पुढे येईल, म्हणून थोडा धीर धरा.

आधी शब्द. 'ताण' मराठीत जुनाच, पण तो दोरीचा, तारेचा, कातड्याचा. तंबूच्या दोऱ्यांना ताण देतात, वाद्याची तार ताणतात, भांडण तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात. संस्कृतातल्या 'तन्' धातूचा हा गोतावळा. तंतू त्याच घरातला, गवयाची तानही त्याच घरातली. आणि पोटभर जेवून दुपारी 'ताणून देणारा' माणूसही तिथलाच, जो आजच्या ताणाच्या बरोबर उलट्या टोकाला घोरत पडलेला असतो! लॅटिनमध्ये याच मुळाचं 'तेंदेरे' हे क्रियापद आहे, त्यातून इंग्रजीचं टेन्शन आलं. म्हणजे टेन्शन आणि ताण ही लांबची चुलत भावंडं. स्ट्रेस मात्र परक्या घरचा. त्याचं मूळ लॅटिनमधलं 'स्त्रिंगेरे', म्हणजे आवळणं, घट्ट बांधणं. कित्येक शतकं इंग्रजीत त्याचा अर्थ हालअपेष्टा, सक्ती असा काहीसा होता. एकोणिसाव्या शतकात अभियंत्यांनी तो उचलला आणि मापात बसवला. भार पडल्यावर लोखंडाच्या आत दर चौरस एककामागे जे बल उभं राहतं ते स्ट्रेस, आणि त्यापायी लोखंड जितकं लांबतं किंवा वाकतं ते स्ट्रेन. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे एका मोठ्या माणसाचा पाय त्यात अडकणार आहे.

माणसाला हा शब्द चिकटण्याआधी दुखणं नव्हतं असं नाही. नावं वेगळी होती. १८६९ मध्ये जॉर्ज बिअर्ड या अमेरिकी डॉक्टरांनी 'न्यूरस्थेनिया' नावाचा आजार मांडला. मज्जातंतूंमधली शक्ती बॅटरीसारखी उतरते, अशी त्यांची कल्पना. लक्षणं कोणती? थकवा, झोप न लागणं, धडधड, अपचन. तुमचं पत्र त्यांच्या हाती पडतं तर त्यांनी तुम्हाला तेच लेबल लावलं असतं. १८८१ च्या पुस्तकात त्यांनी या आजाराची कारणंही दिली: वाफेची शक्ती, तारायंत्र, नियतकालिकं, विज्ञानं, आणि स्त्रियांनी चालवलेलं बौद्धिक काम. शेवटचं कारण वाचून मी जराशी चिडले, पण बाकीची यादी तुमच्या वडिलांना आणि मुलीला दोघांनाही वाचून दाखवा. तारायंत्राच्या जागी मोबाइल घातला की ती आजच्या कुठल्याही भाषणात खपेल. 'आमच्या वेळी असलं नव्हतं' हे वाक्य तेव्हाही लोक म्हणत होते, आणि ज्या 'वेळी' हे नव्हतं म्हणत, त्या वेळची माणसं उत्तर द्यायला हयात नव्हती.

आता तुमच्या छातीतल्या धडधडीकडे येऊ. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हे शरीरशास्त्रज्ञ मांजरांचं पचन बघत होते. क्ष-किरण नुकतेच हाती आले होते, त्यामुळे जिवंत मांजराच्या पोटाची हालचाल पडद्यावर दिसायची. त्यांच्या लक्षात आलं, की मांजर घाबरलं किंवा बिथरलं की पोटाची हालचाल थांबते. जनावर शांत झालं की पुन्हा सुरू. याचा माग काढत १९१५ पर्यंत त्यांनी जे चित्र उभं केलं ते आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. संकट दिसलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात, हृदय जोरात चालतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, यकृत साखर मोकळी करतं. लढा किंवा पळा. तुमच्या बाबतीत लढण्याचं वा पळण्याचं निमित्त म्हणजे दुसऱ्या दिवशी टेबलावर येणारी फाइल आहे. शरीराला फाइल आणि वाघ यांतला फरक कळत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मला ती तितकीशी पटत नाही. फरक शरीराला कळत असावा, पण त्याच्यापाशी हत्यार एकच आहे, आणि ते धावण्यासाठी घडवलेलं आहे. तेव्हा पोट आणि धडधड ही बिघाडाची नाही, चुकीच्या जागी बजावलेल्या चोख चाकरीची खूण. रिपोर्ट नॉर्मल का आले, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आणि आता तो मोठा माणूस. हान्स सेल्ये, जन्म १९०७, व्हिएन्नाचा. प्रागला वैद्यकी शिकत असताना प्राध्यापक एकेक रुग्ण पुढे आणत आणि प्रत्येक रोगाची बारीक, खास खूण दाखवत. विद्यार्थी सेल्येचं लक्ष भलतीकडेच. त्याला दिसत होतं, की रोग कुठलाही असो, सगळे रुग्ण एकसारखेच 'आजारी' दिसतात: जीभ पांढरी, तोंडाला चव नाही, सांधे ठणकतायत, अंगात त्राण नाही. खास खुणांचा अभ्यास सगळे करतात, मग या नुसत्या आजारीपणाचा का नाही? असला प्रश्न विद्यार्थ्यानं विचारावा आणि शिक्षकांनी हसण्यावारी न्यावा, हे ठरलेलंच.

दहा वर्षांनी तो प्रश्न परत आला. सेल्ये तेव्हा कॅनडात माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात होते आणि उंदरांना अंडाशयाच्या अर्काची इंजेक्शनं देत नवं संप्रेरक शोधत होते. उंदरांत तीन बदल दिसले. अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा बाहेरचा थर वाढला, रोगप्रतिकाराशी संबंध असलेली थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठरात व्रण पडले. नवं संप्रेरक सापडलं म्हणून स्वारी खूश. पण अर्क जितका अशुद्ध तितके बदल जास्त, हे कळल्यावर शंका आली. मग त्यांनी फॉर्मॅलिन टोचून पाहिलं, म्हणजे ज्यात प्रेतं टिकवतात ते. तेच तीन बदल! थंडीत ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, जखम केली, तरी तेच. संप्रेरक कुठलंच नव्हतं, कशानंही उंदीर असाच कोलमडत होता. दुसरा कुणी असता तर त्यानं वह्या फाडल्या असत्या. यांना प्रागचे ते रुग्ण आठवले.

४ जुलै १९३६ ला 'नेचर' नियतकालिकात त्यांचं छोटंसं टिपण छापून आलं. शरीरावर काहीही आदळलं तरी ते तीन टप्प्यांनी जातं: आधी धोक्याची घंटा, मग जुळवून घेऊन तग धरणं, आणि तेही फार लांबलं तर गळून जाणं. आधुनिक ताणाचा जन्मदाखला म्हणून आज हे टिपण दाखवतात. त्यात 'स्ट्रेस' हा शब्दच नाही. तो त्यांनी पुढे रुळवला, व्याख्यानांतून, पुस्तकांतून, जगभर हिंडून. आणि रुळवताना चूक केली. बाहेरून जे आदळतं त्याला अभियंत्यांच्या बोलीत स्ट्रेस म्हणणं रास्त होतं, आणि शरीराचं जे होतं त्याला स्ट्रेन. सेल्येंनी शरीराच्या प्रतिसादालाच स्ट्रेस म्हटलं. इंग्रजी अधिक चांगलं येत असतं तर मी स्ट्रेन म्हटलं असतं, असं पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं. तोवर उशीर झाला होता. आता बाहेरच्या गोष्टीला नाव हवं म्हणून त्यांना 'स्ट्रेसर' हा नवा शब्द पाडावा लागला. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, कुणालाच आपला शब्द सापडेना, सगळ्यांनी स्ट्रेस तसाच उचलला. म्हणजे ज्या शब्दानं तुमची मुलगी उठता-बसता काम भागवते, तो जन्मतःच जरा तिरळा आहे.

सेल्येंचा ताण हा 'येणारा' ताण. मागणी आली की शरीर ठरलेला प्रतिसाद देणार, तुम्ही उंदीर असा की हेडक्लार्क. त्यांना तर आनंदाचा धक्काही ताणच वाटे, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी सुखद ताण आणि दुःखद ताण असे दोन भाग केले. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ताणाची महती गाणारे ती सहसा गाळतात. सेल्येंच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाचा पैसा मिळत होता, आणि १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्यांनी धूम्रपानाची बाजू ताणाच्या भाषेत मांडली. हृदयविकाराचं खापर सिगारेटऐवजी ताणावर फुटणं त्या उद्योगाला सोयीचंच होतं. यामुळे उंदरांचे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण 'सगळं ताणामुळे होतं' असं कुणी म्हणालं, की यात कुणाची सोय आहे, हे विचारायची सवय मला तेव्हापासून लागली.

'येतो' या क्रियापदाला पहिला जोरदार धक्का माकडांनी दिला. जॉन मेसन या अमेरिकी संशोधकांनी माकडांना उपाशी ठेवलं. सेल्येंच्या हिशेबानं उपास हा स्ट्रेसर, तेव्हा अ‍ॅड्रिनलची संप्रेरकं वाढायलाच हवीत. वाढली. पण शेजारच्या पिंजऱ्यातली माकडं खात होती आणि ही बघत होती. मेसननी उपाशी माकडांना वेगळं काढलं आणि खायला चविष्ट पण कसहीन गोळ्या दिल्या. पोषण शून्य, उपास तोच. संप्रेरकं फारशी वाढली नाहीत! ताण भुकेचा नव्हता. बाकीच्यांना मिळतंय आणि मला नाही, याचा होता. तुम्ही ऑफिसात काम करता, तेव्हा हा प्रयोग तुम्हाला अधिक फोड करून सांगायला नको.

त्याच काळात रिचर्ड लॅझरस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसांवर प्रयोग केला. मुलांवर होणाऱ्या एका वेदनादायक विधीचा मूकपट प्रेक्षकांना दाखवायचा आणि त्यांच्या हृदयाची गती, तळहाताचा घाम मोजायचा. चित्र तेच, निवेदन वेगवेगळं. एकात वेदनेवर भर, एकात 'मुलांना काही त्रास होत नाही' असा सूर, एकात अभ्यासकाचा कोरडा, अलिप्त आवाज. वेदनेवर भर देणारं निवेदन ऐकणारे सर्वांत जास्त हादरले, उरलेल्या दोघांत प्रेक्षकांची शरीरं बरीच शांत राहिली. यावरून लॅझरसनी म्हटलं, की ताण ना नुसता बाहेर आहे, ना नुसता आत. माणूस आधी मनाशी विचारतो, 'यात माझं काही बिघडणार आहे का?' आणि मग, 'बिघडलं तर माझ्याच्यानं निभेल का?' पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' आलं की जे होतं तो मानसिक ताण. सुझन फोकमन यांच्याबरोबर १९८४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडलं. आज मानसशास्त्र ताण म्हणतं तेव्हा बहुधा हाच अर्थ अभिप्रेत असतो.

तुमच्या डॉक्टरांचं 'घेऊ नका' याच तर्काचं टोक आहे, बहुतेक त्यांना ते ठाऊकही नसेल. पण लॅझरस 'घेऊ नका' असं म्हणत नव्हते. आपण करतो ते मोजमाप पुष्कळदा बरोबरच असतं. निभणार नाही असं वाटतं, कारण खरंच निभण्यासारखं नसतं. अशा माणसाला 'घेऊ नका' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला 'पाणी पिऊ नका' म्हणणं.

'असतो'वाल्यांचं मी थोडक्यात उरकते, कारण त्यांची यादी तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, सुट्टी १३. बेरीज करा आणि आजारी पडण्याची शक्यता काढा. कल्पना सुटसुटीत, म्हणून लोकप्रिय. पण लग्न लग्नात फरक असतो आणि मृत्यू मृत्यूतही, तो बेरजेत येत नाही.

आणि आता ते क्रियापद, जे तुमच्या डॉक्टरांनी, वडिलांनी, तुम्ही, कुणीच वापरलं नाही: 'देणं'. १९७० च्या आसपास जे वाइस या अमेरिकी संशोधकांनी दोन उंदरांना एकाच वायरीला जोडलं. दोघांना विजेचे झटके अगदी सारखे, एकाच क्षणी. फरक इतकाच, की एकाच्या पुढ्यात चाक होतं आणि ते फिरवलं की झटका दोघांचाही थांबे. दुसऱ्याच्या हाती काही नव्हतं. जठरातले व्रण दुसऱ्याला कितीतरी जास्त. झटके आधी सूचना देऊन आले तरीही व्रण कमी. म्हणजे किती सोसावं लागतं याइतकंच, त्यावर आपला हात चालतो का आणि ते कधी येणार हे कळतं का, यालाही वजन आहे.

उंदरांचं राहू दे म्हणाल, तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत या. व्हाइटहॉलच्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. सगळ्यांचा समज असा, की वरच्या साहेबांना ताण, त्यांचं हृदय आधी जाणार. निघालं उलटं. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे दरवान, निरोपे वगैरेंमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराच फरक शिल्लक उरला. आणि तो पायरीपायरीनं उतरत जाणारा होता, म्हणजे फक्त तळाच्यांचा प्रश्न नव्हता. मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १९८५ पासून दुसरी पाहणी केली, तीत उरलेल्या फरकाचं एक मोठं कारण हाती आलं: आपल्या कामावर आपला ताबा किती. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच म्हटलं होतं, की नुसतं काम जास्त असण्यापेक्षा काम जास्त आणि अधिकार कमी ही जोडी घातक.

आता तुमच्या पत्रातलं तुमचंच वाक्य परत वाचा. 'शेवटची सही माझी नसते. काही चुकलं की मात्र विचारतात मला.' तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, मला मात्र सगळं पत्र त्या एका ओळीत दिसतं. तुम्हाला बढती मिळालेली नाही, तुमच्या पुढ्यातलं चाक काढून घेतलंय आणि झटके वाढवलेत. याला 'तुम्ही घेतलेला ताण' म्हणणं मला मान्य नाही. तो दिलेला आहे.

म्हणून पहिलं काम मनाचं नाही, कागदाचं. तुमच्यावर जबाबदारी असलेल्या कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, यातला निर्णय कुणाचा, चुकल्यास जाब कुणाला. जिथे निर्णय दुसऱ्याचा आणि जाब तुम्हाला, तिथे खूण करा. तो कागद घेऊन वरिष्ठांकडे जा. 'मला स्ट्रेस होतोय' असं तिथे म्हणू नका, त्याचं उत्तर 'सुट्टी घ्या' असं येतं आणि सुट्टीचे गुण तेरा! 'या पाच बाबींत मला ठरावीक मर्यादेपर्यंत सहीचा अधिकार द्या, किंवा निर्णय ज्यांचा त्यांची लेखी नोंद असू द्या,' इतकं ठोस मागा. पाचपैकी दोन मिळतील, कदाचित एकच. पण उंदराला एकच चाक होतं.

दुसरं, पहाटेच्या तीनचं. त्या सुमारास शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक तसंही चढायला लागतं, उठायची तयारी म्हणून. तेव्हा सुचणारे विचार खरे असतात, पण त्यांचा आकार खरा नसतो. वीसेक मिनिटांत पुन्हा झोप आली नाही तर अंथरुणात कुस बदलत पडू नका, उठून मंद उजेडात बसा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, डोळे जड झाले की परत या. आणि एक वही ठेवा. तीत काय वाटतंय ते एका शब्दात लिहा, पण एक पथ्य पाळा: ताण, टेन्शन, स्ट्रेस, हे तीन शब्द बंद.

हे पथ्य मी गमतीनं सांगत नाही. या तीन शब्दांनी आपल्या भाषेतली केवढी वस्ती उठवली बघा. धाकधूक, धास्ती, धसका, दडपण, घोर, विवंचना, घालमेल, तगमग, हुरहुर, काहूर. हे एकमेकांचे प्रतिशब्द नाहीत. धाकधूक निकालाआधीची असते आणि निकाल लागला की संपते. धसका एका क्षणात बसतो आणि वर्षानुवर्षं उतरत नाही. घोर बहुतेकदा दुसऱ्या जिवाचा लागतो. विवंचना म्हटली की त्यात पैसा आला. दडपण म्हटलं की समोर कुणी माणूस किंवा प्रसंग आला. घालमेलीत दोन वाटा असतात आणि ठरत नसतं. प्रत्येक शब्द आपलं कारण, आपली मुदत बरोबर घेऊन फिरतो. 'ताण' यातलं काहीच सांगत नाही, म्हणून त्याच्यावर उपायही सुचत नाही. तुम्ही वहीत 'दडपण' लिहिलंत तर कुणाचं, हे लगेच पुढे येईल. 'घालमेल' लिहिलीत तर निर्णय कुठला अडलाय ते दिसेल. मुलीलाही 'स्ट्रेस आलाय' म्हणाली की वाद न घालता विचारा, 'धाकधूक की दडपण?' पहिल्यांदा डोळे फिरवेल. दुसऱ्यांदा सांगेल. धाकधूक असेल तर ती बरोबर बसून निभते. दडपण असेल आणि ते तुमचं निघालं, तर उपाय तुमच्या हातात आहे.

'खरीच काही वस्तू आहे का' याचं उत्तर मग असं: ताण हे निदान नाही. आजारांच्या जागतिक यादीत नुसता ताण म्हणून रोग सापडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 'बर्नआउट'चीही, म्हणजे कामापायी पार गळून जाण्याचीही, नोंद २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची घडामोड म्हणून केली, आजार म्हणून नाही. पण शरीरातली झीज खरी आहे. ब्रूस मक्‌यूअन या मेंदूसंशोधकांनी १९९३ मध्ये या झिजेला 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. जुळवून घेण्यासाठी शरीर जी धावपळ करतं, ती थांबलीच नाही तर रक्तवाहिन्या, साखर, झोप, स्मरणशक्ती या सगळ्यांतून ते त्याची किंमत मोजत राहतं. तुम्ही सहाव्या महिन्यात आहात, म्हणजे हालचाल करायला हीच वेळ बरी.

आणि उलट बाजूची सावधगिरीही. जठरातला व्रण म्हणजे ताणाचा आजार, असं कित्येक दशकं डॉक्टर शिकवत होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं, की बहुसंख्य व्रणांमागे एक जिवाणू आहे. मार्शलनी तर तो स्वतः पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोवर किती जणांना 'टेन्शन घेऊ नका' सांगून परत पाठवलं असेल! म्हणून 'स्ट्रेस' हे उत्तर कायमचं मानू नका. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखलं, वजन आपोआप घटलं, शौचातून रक्त गेलं, तर पुन्हा तपासणी करून घ्या. दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. जगणं नको असा विचार एकदा जरी आला तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

राहिले वडील. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. त्यांच्या वेळी ताण नव्हता, कारण तो शब्द तेव्हा माणसाला लावत नसत. पण खिडकीपाशी खुर्ची होती. एखाद्या पहाटे तुम्हाला जाग आली आणि तेही जागे असले तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. 'तुम्हालाही ताण होता ना?' असं विचारू नका, त्या शब्दाला ते 'नाही'च म्हणतील. 'रात्री खिडकीत बसायचात तेव्हा काय चालायचं मनात?' एवढंच विचारा. ते त्याला घोर म्हणतात, विवंचना म्हणतात की आणखी काही, मला कळवा. माझ्या यादीत नसलेला एखादा शब्द त्यांच्याकडे असण्याची शक्यता पुष्कळ आहे.